अकराव्या महिन्याचं कुलूप

जुना जालना
१८ सप्टेंबर १९९१

ती. आत्याबाईंस,
धर्मराजचा साष्टांग नमस्कार.

माझं सगळं बदललं ते काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. कॉलेजात मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. दोरी ओढली, गाठ सुटली, वरून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, आणि त्या जमिनीवर पडायच्या आत मी एका पोराच्या कानाखाली वाजवली होती. राष्ट्रगीत तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण प्राचार्य सगळीकडं उलटं सांगत फिरतील.

त्यांनी माफीचा अर्ज मागितला. मी म्हणालो, आधी त्याचा घ्या. ते म्हणाले, "नाव काढून टाकीन तुझं." मी म्हणालो, "तुम्ही कशाला तसदी घेता सर," आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून निघून आलो. बी.कॉम.चं दुसरं वर्ष असं दीड मिनिटात संपलं. परत जाणार नाही. कुणी समजूत घालू नये.

भांडण कशावरून झालं ते विचारू नका. शाईवरून झालं असं समजा.

आबांना मी कळवलेलं नाही. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुमचंच ते ऐकतात. आणि दुसरं असं की, तुमच्या एक नंबरच्या खोलीत मी शिकायला म्हणून राहत होतो. आता शिकत नाही, तर खोली सोडू का? सोडली तर जाऊ कुठं? कालपासून कुंडलिकेच्या पुलावरून नव्या जालन्यात चार वेळा जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. पाय एका जागी ठरत नाहीत.

आपला,
धर्मराज


कुंभार पिंपळगाव
२६ सप्टेंबर १९९१

चि. धर्मराजास द्वारकाआत्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. रामकिसनला सांगितलं. तुझ्या बापानं खुंटीवरचा चाबूक काढला, मंग परत ठिवला. एक टाईम जेवला न्हाई. दुसऱ्या टायमाला दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, तवा घोर करू नको.

शाईवरून कोनी कोनाच्या कानाखाली वाजवत न्हाई. आसू दे.

खोली सोडू नको. माझ्या सहा खोल्या हाईत, भाडेकरूंकडं बघायला मी म्हैन्याच्या म्हैन्याला यष्टीनं यीत हुते, आता कंबर धरती. आजपासून तू बघ. ध्यानात ठिव, मी कमरपट्टा मोडून ही जागा केली. नवरा गेल्यावर दिराच्या घरात मी ताठ मानेनं बसते ती ह्या सहा खोल्यांच्या जोरावर. तिथं एक वीट हालली तर इथं माझा पाट हालतो.

नियम सांगते. नात्यातल्याला खोली देऊ न्हाई. माझ्या सासऱ्यानं मावसभावाला चार दिवसासाठी म्हनून दुकान दिल्तं, त्याची नातवंडं आज तिथं सोडा-लेमन इकून राह्यलीत. तू नात्यातला हाईस, तो एक अपवाद, दुसरा न्हाई. भाडेकरूच्या घरी च्या घ्यावा, जेवन घेऊ न्हाई. च्या पिऊन भाडं मागता येतं, जेवून मागता येत न्हाई. भिंतीत खिळा ठोकायचा तर आपल्या हातानं ठोकावा. त्याला ठोकू दिला की आज खिळा, उद्या फळी, परवा म्हन्तो भिंत माझी.

आन सगळ्यात मोठा नियम अकराव्या म्हैन्याचा. अकरा म्हैने भरले की एक रात खोली रिकामी. सामान समदं वट्यावर, शेगडी सुदीक. आपलं कुलूप लावायचं, दोन साक्षीदारांच्या वहीत सह्या घ्यायच्या, सकाळी नवा कागूद, मंगच किल्ली. माझ्या वकिलानं बजावून सांगितलंय, एक रात बी खोली आपल्या कुलपात पडली न्हाई तर मानूस जुना भाडेकरू होऊन बसतो, मंग देव आला तरी निघत न्हाई. ह्याला अपवाद दोन. घरात बाळंतीन आसंल तर सव्वा म्हैना थांबावं. सुतक आसंल तर तेरा दिवस. तिसरा मी आजून ऐकला न्हाई.

दोन कार्डं लागली. पोस्टमन वाचतो, वाचू दे. त्याला बी एक खोली भाड्यानं द्यायची हाय.

द्वारका


जुना जालना
२० नोव्हेंबर १९९१

ती. आत्याबाईंस सा. न.

सगळे नियम वहीत लिहून घेतले, तोंडपाठ झाले. दोन, तीन, पाच आणि सहा नंबरची मंडळी मजेत आहेत.

चार नंबरचे वामनराव तुम्हाला आठवत असतील, जूनमध्ये तुम्हीच त्यांना खोली दिली. पाटबंधारेच्या कचेरीत कारकून आहेत. फार सज्जन माणूस. सकाळी साडेसातला सायकल पुसतात. बायको शरयूताई. मुलगी अरुंधती, आमच्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणजे माझ्या पूर्वीच्या कॉलेजात. अभ्यास फार करते. ओट्यावर खांबाला टेकून बसते, एक पाय हलवत असते, वाचून झालेलं पान उलटताना बोट जिभेला लावत नाही, पानाला खालून फुंकर घालते. भाडेकरूंची माहिती ठेवावी म्हणून लिहिलं.

त्यांना कॅलेंडरसाठी खिळा हवा होता. नियमाप्रमाणे मीच ठोकला. वाकला. दुसरा ठोकला. नंतर आरशासाठी लागला, मग पिशवीसाठी. मातीचा गिलावा, एका खेपेत बसत नाही.

भाडेकरूंच्या घरी फक्त चहाच घेतो.

धर्मराज


कुंभार पिंपळगाव
८ जानेवारी १९९२

चि. धर्मराजास आशीर्वाद.

चार खोल्यांना मिळून एक वळ, आन चार नंबरला आख्खं कार्ड. पोरगी पानाला फुंकर घालती हे भाडेपट्टीत कुठं लिव्हायचं ते बी कळव.

त्या भिंतीत किती खिळे झालेत? मोजून सांग.

बाबा, मालकाच्या मानसानं दारात उभं राहून बोलावं, खिडकीतून बोलू न्हाई. त्यांचे अकरा म्हैने मे म्हैन्यात चार तारखेला भरतेत. इसरू नको.

द्वारका


जुना जालना
५ मे १९९२

ती. आत्याबाईंस सा. न.

काल चार नंबरला कुलूप लावलं. साक्षीदार दोघं होते, समोरचे धान्यवाले साहेबराव आणि चहावाला भिवा. सह्या वहीत आहेत. सकाळी नवा कागद केला, किल्ली दिली. ऊन फार आहे.

धर्मराज


कुंभार पिंपळगाव
१८ मे १९९२

चि. धर्मराजास आशीर्वाद.

एवढुसं कार्ड? दर साली त्या राती माझ्या खोल्यांवर रामायन घडतं. कोनी रडतं, कोनी श्याप देतं, एकीनं तर माझ्या पायावर वरवंटा ठिवला हुता, मुद्दाम का चुकून ते आजून कळलं न्हाई. आन तुझं सगळं चार वळीत आटपलं? त्यांचे देव कुठं ठिवले? ती मानसं कुठं झोपली? बापलेक काय बोल्ले?

साहेबराव बाजाराला आल्ता. तुझी लई तारीफ करून राह्यला हुता. कोनी जास्त तारीफ केली की मला भ्या वाटतं.

द्वारका


जुना जालना
३० मे १९९२

ती. आत्याबाईंस सा. न.

देव टोपलीत ठेवले, टोपली तुळशीपाशी ठेवली. मंडळी मारुतीच्या देवळात झोपली. वारा बराच होता. वामनराव म्हणाले, नियम म्हणजे नियम. शरयूताईंनी चादरी अंथरल्या. अरुंधती देवळातल्या दिव्याशी वाचत बसली. पुजाऱ्यानं सकाळी सगळ्यांना प्रसाद दिला, शिऱ्याचा. शिऱ्यात मनुके होते. इतकं सविस्तर पुरे ना?

एक गोष्ट सहज विचारतो. मालक आणि भाडेकरू यांच्यात सोयरीक झाली तर भाडेकरू नात्यातला होतो का? मग त्याला पहिला नियम लागतो की शेवटचा? पाच नंबरवाले विचारत होते.

धर्मराज


कुंभार पिंपळगाव
९ जून १९९२

चि. धर्मराजास आशीर्वाद.

पाच नंबरला सत्तर वरसाचा बँडवाला एकटा राह्यतो. त्याला कोनासंगट सोयरीक करायची हाय? पिपानीसंगट?

धर्मा, तुझं वय एकवीस, कॉलेज टाकलेलं. ती मानसं शिकलेली, त्यांची रीत निराळी. त्या पोरीच्या मनात काय हाय ते मला ठाऊक न्हाई, आन मला वाटतं तुला बी ठाऊक न्हाई, कारन तू इचारलंच न्हाईस. कानाखाली वाजवायला तुला याळ लागत न्हाई, एक सवाल इचारायला जीभ उचलंना. न इचारलेल्या गोष्टीचा कागूद होत न्हाई.

मनुके आठवतेत तुला, शाबास.

द्वारका


कुंभार पिंपळगाव
२२ जानेवारी १९९३

चि. धर्मराजास आशीर्वाद.

आठ म्हैने तुझी चार-चार वळींची कार्डं वाचून राह्यले. आता माझं नीट ऐक.

एक बियान्याचा व्यापारी आल्ता. त्याला सहाच्या सहा खोल्या गोदामाला पायजेत, धा सालाच्या करारानं. मला दर म्हैन्याला सहा दारं हिंडायचा तरास न्हाई, एकच धनी. मी त्या गोदामाच्या जोरावर इथंच गावात माझी येगळी दोन खनाची खोली बांधीन. दिराच्या चुलीवर दुसऱ्यानं वाढलेलं मी सोळा वरसं खाऊन राह्यले, आता माझ्या चुलीवर खाऊन मरीन. बस, एवढंच मागनं हाय.

एप्रिलअखेर सगळ्या खोल्या रिकाम्या पायजेत, एक जरी अडली तर तो दुसरीकडं जातो. आजच सगळ्यांना सांग. गोड बोलून सांग.

द्वारका


जुना जालना
१६ फेब्रुवारी १९९३

ती. आत्याबाईंस सा. न.

दोन आणि तीन नंबर एप्रिलमध्ये जातात. बँडवाला लग्नसराईआधीच भाच्याकडं जातो. सहा नंबर तर गेलेसुद्धा. चार नंबर जात नाही.

मी दारात उभा राहून बोललो, खिडकीतून नाही. वामनराव सायकल पुसत होते. म्हणाले, "धर्मराज, बसा."

"बसायला आलो नाही."

"मग उभ्यानं ऐका. आम्ही इथं सलग वीस महिने राहतोय. मध्ये एक रात्रसुद्धा खोली रिकामी झालेली नाही. मी वकिलाला भेटलो. आम्ही जुने भाडेकरू आहोत."

"कुलूप लागलंय. वहीत सह्या आहेत."

ते हसले, आत्याबाई. फडकं पिळलं आणि हसले. म्हणाले, "सह्या कुलपाच्या नसतात, माणसांच्या असतात."

मी सायकल उचलून रस्त्यावर फेकली. चाक वाकलं. मग मीच उचलून आणली. लोक जमले, भिवा चहाची किटली घेऊन पळत आला, म्हणाला, "धर्माभाऊ, जाऊ द्या, गार व्हा." मी काय गार होतो?

माणूस खोटारडा आहे. त्याला कायदा कुणी शिकवला ते मला माहीत नाही.

धर्मराज


कुंभार पिंपळगाव
२५ फेब्रुवारी १९९३

चि. धर्मराजास आशीर्वाद.

हे बंद पाकिटात धाडते, पोस्टमननं वाचायसारखं न्हाई.

सायकलचं चाक भरून दे. कोर्टात ते चाक आपल्यालाच भोवंल.

वामनरावानं दावा लावला. वकील म्हन्तो, सारा खेळ तुझ्या साक्षीवर हाय. चार मे ला सामान भाईर काढलं, खोलीला आपलं कुलूप रातभर हुतं, येवढं तू शपथेवर सांगायचं. बारा एप्रिलला तारीख हाय, त्याच्या आधी वकिलाकडं जाऊन कागूद कर.

सोबत दुसरा एक कागूद हाय. त्याच्यावर बी सही करून धाड. 'मी एक नंबरमधी राखन म्हनून राह्यतो, खोलीवर माझा काही हक्क न्हाई.' मला लिव्हताना बरं वाटलं न्हाई. पर वकील म्हन्ला, बाई, साडेतीन वरसं फुकट राह्यलेला भाचा भाडेकरूहून वाईट. रागवू नको. पयला नियम मीच मोडलेला हाय, त्याची ही फेड.

द्वारका


जुना जालना
३ मार्च १९९३

ती. आत्याबाईंस.

राखण! वा! तुमच्या खोल्यांची कौलं मी स्वतः चढून बदलली, नळासाठी नगरपालिकेत महिनाभर भांडलो, आणि मी राखण! तुमचा कागद सतरंजीखाली घातला आहे. सही केलेली नाही. फाडलाही नाही. काय करायचं ते ठरत नाही. काहीच ठरत नाही. जेवायला बसतो आणि उठतो.

काल चार नंबरकडून पेढे आले. अरुंधतीचं लग्न ठरलं. भोकरदनला. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर आहे. मे महिन्यात लग्न आहे. शरयूताई ताटली घेऊन दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घ्या, तोंड गोड करा." मी घेतला आणि त्या वळल्यावर भिंतीवर फेकून मारला. अजून चिकटलेला आहे. मुंग्या आल्यात.

शाईवरून भांडण झालं नव्हतं, हे तुम्हाला केव्हाच कळलं असेल. तो पोरगा तिच्याविषयी घाण बोलला होता. तिला माहीतसुद्धा नाही. मी तिच्यासाठी कॉलेज टाकलं आणि तिचा बाप मला कायदा शिकवतो!

साक्ष देतो. शपथेवर देतो. हात वर करून देतो. कॅलेंडर, आरसा, देव, सगळ्यांसकट त्यांना ओट्यावर काढतो. तिचं लग्न मांडव घालून कुठून होतं ते बघू. वकिलांना कळवा.

धर्मराज


चार नंबर
९ मार्च १९९३

श्री. धर्मराज यांस,

एका वाड्यात राहून पत्र लिहिणं विचित्र आहे. पण तुम्ही हल्ली समोर दिसलात की गल्लीत निघून जाता, म्हणून दाराखालून सरकवते आहे.

बाबांना कायदा मीच सांगितला. गेल्या वर्षी चार मे ला आमचं सामान ओट्यावर होतं. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता आणि मी शेगडी व ट्रंक यांच्यामध्ये बसून वाचत होते. तुम्ही हातात कुलूप घेऊन आलात. मी म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंच्या नियमात परीक्षेला अपवाद नाही का?" तुम्ही कुलूप खिशात टाकलंत आणि एकेक भांडं स्वतः आत नेऊन ठेवलंत. आईनं पिठलं केलं, तुम्ही आमच्यात जेवलात. आणि हे कुलूप दर वर्षी कशासाठी लावतात, न लावलं तर काय होतं, हे तुम्ही मोठ्या ऐटीत समजावून सांगितलंत. तुम्ही आमच्यासाठी केवढं धाडस केलं, याचं मला कौतुक वाटलं. त्या कौतुकानं मी बाबांना सांगितलं. बाबा ते असं वापरतील असं मला वाटलं नव्हतं. पण आता माझं लग्न तोंडावर आहे, ते दुसरं घर शोधू शकत नाहीत, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो.

तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत. आमच्या भिंतीत तुम्ही ठोकलेले चौदा खिळे आहेत. एवढं टांगायला आमच्याकडे काही नाही. मला कळत होतं. मी वाट पाहिली असंही म्हणणार नाही आणि पाहिली नाही असंही म्हणणार नाही. आता ते विचारू नका.

तुम्ही कोर्टात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला बोलावलं तर मी खरं सांगेन. त्या रात्री कुलूप तुमच्या खिशात होतं. जेवताना तुम्ही मांडी घातलीत तेव्हा ते खाली पडलं आणि मीच उचलून दिलं.

अरुंधती


जुना जालना
११ मार्च १९९३

ती. आत्याबाईंस.

गेल्या वर्षी चार मे ला मी कुलूप लावलं नाही.

सामान बाहेर काढायला लावलं आणि परत आत ठेवलं. त्यांच्याकडं जेवलो. साहेबराव आणि भिवा यांच्या सह्या चहाच्या गाड्यावर घेतल्या, तेव्हा कुलूप माझ्या खिशात होतं. देऊळ, दिवा, वारा, मनुके, सगळं मी रचलं. कायदासुद्धा मीच तिला सांगितला. वामनराव खोटं बोलत नाहीत.

सायकलचं चाक भरून दिलं.

काय करू ते कळवा. तुम्ही म्हणाल ते ऐकेन असं लिहिणार होतो, पण ते खरं होईल की नाही माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

धर्मराज


कुंभार पिंपळगाव
२० मार्च १९९३

चि. धर्मराजास आशीर्वाद.

मला तवाच कळालं हुतं. साहेबराव बाजाराला आल्ता तो तारीफ करायला न्हाई, सांगायला आल्ता. म्हन्ला, बाई, पोरानं कुलूप न लावताच सही घेतली, मला 'न्हाई' म्हनवंना, तुमच्या कानावर घालतो. मी त्याच्यासाठी दोन पेंढ्या मेथी बांधून दिली आन घरी येऊन बसले.

वाटलं, पोरगं सांगंल. म्हनून तुला सवाल करत बसले. तुझं मनुक्याचं पत्र आलं तवा हासले बी आन रडले बी. त्याच दिवशी यष्टीत बसून आले आसते, माझ्या हातानं कुलूप लावलं आसतं, तर हे घडलं नसतं. न्हाई आले. का न्हाई आले? मी बी एकदा अठरा वरसाची हुते, धर्मा. कोनी माझ्यासाठी कुलूप खिशात टाकलं न्हाई. तुझा तो तिसरा अपवाद मीच चालू दिला, गपचीप. चूक तुझी एक, माझी एक.

पर आता सोळा वरसाची चूल हाय माझ्यापुढं. व्यापारी एप्रिलअखेरच्या पुढं एक दिस थांबत न्हाई. वहीत सह्या हाईत. साहेबराव तोंड उघडत न्हाई, त्यानं मला शब्द दिलाय. तू शपथेवर तेवढं एक वाक्य बोल. जगात रोज लोक बोलतेत. नवऱ्याच्या गावी जानाऱ्या पोरीचं काय जातंय? तिच्या बापाला मी दुसरी खोली बघून देते.

तू न्हाई बोल्लास तर मी तुला दोष देनार न्हाई, हे खोटं लिहू का? देईन. रोज देईन.

आन त्या कागदावर सही करून धाड. वामनरावाचा वकील तुला बी गाठंल.

द्वारका


जुना जालना
११ एप्रिल १९९३

ती. आत्याबाईंस,
धर्मराजचा साष्टांग नमस्कार.

तुमचं बरोबर निघालं. वामनरावांचा वकील भिवाच्या गाड्यावर भेटला. चहा पाजला. म्हणाला, "तूसुद्धा दावा लाव. साडेतीन वर्षं आहेस, एक रात्र खोली सुटलेली नाही. आत्या काय, मालक तो मालक." आत्याबाई, खोटं बोलत नाही, एक क्षण मला चांगलं वाटलं. सतरंजीखालचा कागद डोळ्यासमोर आला आणि वाटलं, दाखवतो यांना राखण काय असते. चहा अर्धा टाकून उठलो. कुंडलिकेच्या पुलापर्यंत पळत गेलो, तिथं आठवलं की मला कुठंच जायचं नाही, आणि परत आलो.

परवा तुमच्या वकिलाकडं गेलो. त्यांनी कागद तयार ठेवला होता, फक्त सही राहिलेली. मी वाचला. त्यात लिहिलं होतं, 'भाडेकरूने खुशीने सामान बाहेर काढले.' मी म्हणालो, "सामान बाहेर निघालं होतं. कुलूप लागलं नाही."

"तुझ्या आत्यानं सांगितलं नाही का तुला?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. मला बोलावलंत तर मी हेच सांगणार. समोरच्यांनी बोलावलं तरी हेच."

ते म्हणाले, "तुझी साक्ष नको मग," आणि पंखा जोरात केला, म्हणजे मी जावं. मी गेलो.

हे मी तिच्यासाठी केलेलं नाही. तुम्हाला तसं वाटेल, म्हणून लिहितो. तिच्यासाठी जे करायचं ते मी झेंड्याखाली केलं, ओट्यावर केलं, भिंतीत चौदा वेळा केलं, आणि त्यातलं काहीच तिला नको होतं, किंवा हवं होतं तेव्हा मी विचारलं नाही. साक्षीचं कारण एवढंच की, ते कुलूप पडलं तेव्हा पाटाखाली आवाज झाला होता, आणि तो मला ऐकू आला होता. कोर्टात हात वर केला असता तर पुन्हा ऐकू आला असता.

वामनरावांना सांगितलं की मी खरं बोललो. वाटलं, म्हणतील, लग्न झाल्यावर खोली सोडतो. ते म्हणाले, "पाहू." आणि सायकल पुसायला लागले. नवं चाक चकाकत होतं.

तुमची चूल मी मोडली. व्यापारी थांबणार नाही हे मला माहीत आहे. रोज दोष द्या. पत्रातून द्या, कार्डावरून द्या, पोस्टमनला वाचू द्या. मी उत्तर देईन.

साहेबरावांच्या ओळखीनं वाळूजच्या कारखान्यात काम मिळालं आहे. तिथं खोली बघून ठेवली. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, अकरा महिने झाले की एक रात्र सामान बाहेर. मी म्हणालो, मला माहीत आहे. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

आज सकाळपासून एक नंबर रिकामी करतोय. सतरंजी, ट्रंक, स्टोव्ह, वह्या, सगळं ओट्यावर आहे. भिंतीवरचा पेढ्याचा डाग ओल्या फडक्यानं पुसला, थोडा राहिला. माझ्या भिंतीत एकच खिळा होता, तो काढून घेतला. खोली झाडली. साहेबराव आणि भिवाला बोलावलं. भिवा म्हणाला, "धर्माभाऊ, मागच्या वेळी चहाच्या गाड्यावर सही घेतली, यावेळी उन्हात उभं करता व्हय?" मी म्हणालो, यावेळी बघून सही कर. दोघंही आत जाऊन चारी कोपरे बघून आले. साहेबरावांनी तर कोनाड्यात हात घालून बघितला.

अरुंधती आपल्या ओट्यावर खांबाला टेकून उभी आहे. आज हातात पुस्तक नाही. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली, एवढंच.

तुमच्या कागदावर मी सही केलेली नाही. तो तसाच परत पाठवतो, त्यात गुंडाळून किल्ली पाठवतो. हक्क नाही असं लिहून देणारा माणूस आतच राहतो, आत्याबाई. मी बाहेर उभा आहे. नात्यातल्याला खोली देऊ नये, हा तुमचा पहिला नियम आजपासून पुन्हा पूर्ण झाला, त्याला आता एकही अपवाद उरलेला नाही.

हे पत्र उंबऱ्यावर बसून लिहितोय. पाठीमागं दार उघडं आहे आणि रिकाम्या खोलीतून गार हवा येते. इतकी गार हवा ह्या खोलीत येते हे साडेतीन वर्षांत कळलं नव्हतं. गाडीची वेळ झाली. भिवानं ट्रंक डोक्यावर घेतली.

उठलो. दार ओढलं. कुलूप लावलं. साक्षीदार दोघं होते.

धर्मराज